विषय कमी घ्या, पण शिष्यवृत्ती हातची घालवू नका: कोल्हापुरातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी

कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीआड मी बरीच वर्षं बसलो. त्या रांगेत गारगोटीकडची एक मुलगी यायची. थॅलेसेमिया. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं. तो दिवस तर जायचाच, पण त्याआधीचे तीन-चार दिवसही जिना चढताना तिला धाप लागायची. दुसऱ्या वर्षाला असताना कुणीतरी मायेनंच तिला सांगितलं, "एवढी ओढाताण कशाला करतेस? या खेपेला दोन पेपर सोड, पुढच्या वेळी दे." तिनं सोडले. पुढच्या वेळी दिले, सुटलेही. पण मधल्या वर्षी गुणपत्रकावर दोन ठिकाणी 'गैरहजर' लागलं आणि शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडकलं. आईनं बचत गटातून कर्ज काढून फी भरली.

पेपर सोडायच्या आधी ती मला विचारायला आली होती. मी म्हटलं होतं, "बघू की, होतंय सगळं." होत नसतं. म्हणून हे लिहितोय.

झेपेल तेवढंच घ्यावं, यात कमीपणा काहीच नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज ज्या पोर्टलवर भरतात, त्याला आजार दिसत नाही. त्याला पास, नापास, गैरहजर, गॅप एवढंच कळतं. त्यामुळे आधी कागद करायचा आणि मग पेपर कमी करायचे, हा क्रम उलटा झाला की पैसे अडकतात. आता पहिल्यापासून सांगतो.

पहिलं काम: युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंध, कर्णबधिर, हातापायाचे हे सगळ्यांना माहीत असतात. पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, स्वमग्नता, मानसिक आजार आणि डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता हेही त्याच यादीत आहेत. विषय कमी घ्यायची गरज बहुतेकदा नेमकी या मुलांनाच असते आणि आपण 'दिव्यांग' या सदरात येतो, हे त्यांच्या घरी माहीतच नसतं. "आमची पोरगी काय अपंग न्हाई हो," असं म्हणणारे वडील मी खिडकीतून कितीदा तरी पाहिले. अहो, नसू दे. कागद मात्र काढून ठेवा.

युडीआयडीसाठी स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, आधार आणि फोटो जोडायचा, रुग्णालय निवडायचं. कोल्हापूर शहर आणि आसपासच्यांना सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सोयीचं पडतं. तारीख मिळाली की जुने सगळे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं. जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. फाईल तारखेच्या क्रमानं लावलेली असावी, डॉक्टरांना प्रत्येकासाठी फार वेळ मिळत नाही. आणि सकाळी लवकर जा, सोबत कुणीतरी असू द्या.

प्रमाणपत्रावर टक्केवारी येते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत 'लक्षणीय दिव्यांगत्व', आणि बहुतेक शिष्यवृत्त्या तिथूनच सुरू होतात. कार्डाच्या रंगावरूनही ते कळतं: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. ३८ किंवा ३९ टक्के आले तर हात टेकू नका. फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो, आणि आजार वाढत जाणारा असेल तर पुढे पुन्हा तपासणी करून घेता येते. प्रमाणपत्र 'तात्पुरतं' असेल तर त्यावर मुदत असते. ती डिसेंबरमध्ये संपत असेल तर जुलैमध्येच नव्याची तयारी करा, कारण छाननीच्या दिवशी मुदत संपलेली दिसली की अर्ज परत येतो.

आणखी एक. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. स्कॅन करताना प्लास्टिकवर उजेड चमकतो आणि नेमका शिक्क्यावर पांढरा पट्टा येतो.

बाकीचे कागद, आणि नावाचा घोळ

उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास हे दोन्ही तहसील कार्यालयाचे, 'आपले सरकार' सेवा केंद्रातून निघतात. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरवडा धरून चला. जूनच्या मध्यात सगळ्या तालुक्याची गर्दी उसळते, त्यामुळे निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच अर्ज टाकलेला बरा. दाखल्यावरची मुदत बघा, ती साधारण ३१ मार्चला संपते.

मी सर्वांत जास्त अर्ज कशावरून परत जाताना पाहिले असतील तर ते नावावरून. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. युडीआयडीवर बोर्डातल्या ऑपरेटरनं टाईप केलं तसं. तिन्हीकडे स्पेलिंग वेगळं. 'बाळासो', 'बाळासाहेब' आणि 'बाळू' हे तीन वेगळे बाप आहेत, असं पोर्टलला वाटतं. आधी आधार दहावीच्या गुणपत्रकाशी जुळवून घ्या, मग आधारप्रमाणे युडीआयडी. हे प्रवेशाआधी केलं तर पुढची तीन-चार वर्षं सुखाची जातात.

बँकेचं खातं आधारशी नुसतं 'लिंक' असून चालत नाही, अनुदान यायला ते 'सीडिंग' झालेलं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात जावेत अशी नोंद झालेलं लागतं, आणि सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं. एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती वर्षभर 'जमा' दाखवत होती आणि पासबुकात दमडी नव्हती. शेवटी उलगडा झाला: लहानपणी गावात जनधनचं खातं काढलेलं, आधार त्यालाच जोडलेलं, पैसे तिथं झोपलेले. खातं कुठलं सीड आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. अर्ज भरण्याआधी बघा.

कुठली शिष्यवृत्ती घ्यायची

दोन दारं आहेत. एक केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, दुसरं राज्याचं महाडीबीटी.

केंद्राची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत हवं. साध्या पदवीला, म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला, घरून येणाऱ्याला महिना ६५० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ९५० रुपये निर्वाह भत्ता, पुस्तकांसाठी वर्षाला १५०० रुपये, शिवाय वार्षिक दिव्यांगत्व भत्ता. शिक्षण शुल्काची परतफेड वर्षाला दीड लाखापर्यंत. जागा देशभरात मिळून १७,००० च, म्हणून शेवटच्या दिवसावर टाकू नका. आधी एकवेळ नोंदणी, म्हणजे ओटीआर, करावी लागते. तो क्रमांक एकदाच मिळतो, वहीत लिहून ठेवा.

अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतनच्या मुलांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, 'सक्षम' शिष्यवृत्ती आधी बघावी. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि वर्षाला ५०,००० रुपये. माझ्या मते या वर्गातल्या मुलांना हीच सर्वांत फायद्याची, आणि हिचीच माहिती कॉलेजात सर्वांत कमी असते.

महाडीबीटीवर राज्याची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, शिवाय तुमच्या प्रवर्गाच्या योजना आहेत. इथं पालक चुकतात. दिव्यांग आहे म्हटलं की दिव्यांगांचीच घ्यायची, असं नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फी आणि भत्ता मिळतोच, आणि दिव्यांग असेल तर भत्त्यात १० टक्के वाढ आहे. खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा ८ लाख. मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, गेली असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असेल, तर ८ लाखांच्या आत उत्पन्न असताना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तेव्हा कागद-पेन घेऊन बसा, फी किती, भत्ता किती, मांडा आणि जास्त पडेल ती घ्या. एकाच वर्षी एकाच कारणासाठी दोन घेता येत नाहीत. दोन्हीकडे अर्ज टाकून "येईल ती येईल" म्हणणाऱ्यांची दोन्ही अडकलेली मी पाहिली आहेत.

आता मुख्य मुद्दा: विषय कमी कसे घ्यायचे

नव्या शैक्षणिक धोरणात सगळा हिशेब क्रेडिटचा आहे. आपल्याकडे साधारण एका सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ पर्यंत. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, असं ढोबळ धरा. प्रात्यक्षिकाला त्याच क्रेडिटला दोन तास लागतात, म्हणून विज्ञानाच्या मुलांची दमछाक जास्त.

आता हेच १३२ क्रेडिट सहाऐवजी आठ सत्रांत वाटले तर सत्राला साडेसोळा पडतात. म्हणजे आठवड्याला पाच-सहा तास कमी. कागदावर हा आकडा छोटा दिसतो. पण ज्याला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जायचंय किंवा महिन्यातून एकदा दिवसभर रक्त चढवून घ्यायचंय, त्याच्या लेखी तो अख्खा एक दिवस असतो.

याला नियमात जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या नियमांत 'विस्तारित कालावधीची पदवी' आणली आहे. सत्राला कमी क्रेडिट घ्यायचे आणि पदवी मूळ कालावधीपेक्षा जास्तीत जास्त दोन सत्रं उशिरा पूर्ण करायची. पदवी तीच, नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला तिचं मोल कमी होत नाही. फक्त विस्तारित कालावधीत पूर्ण केली, एवढी नोंद प्रमाणपत्रावर असते. पण हे निवडायची वेळ ठरलेली आहे: पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी. त्यानंतर नाही. गारगोटीच्या त्या मुलीसारखं दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सुचून उपयोग नाही. म्हणून पहिल्या सत्रातच स्वतःला विचारा, हा वेग तीन वर्षं झेपणार आहे का?

दुसरा रस्ता: दिव्यांग कायद्याच्या १७ व्या कलमात अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करून द्यावेत असं म्हटलं आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, ही उदाहरणं त्या कलमातच आहेत. त्यामुळे विस्तारित पदवीची सोय तुमच्या कॉलेजात अजून आली नसली, तरी ऐच्छिक विषय पुढच्या सत्रात ढकलून मिळावा, प्रात्यक्षिकाची बॅच बदलून मिळावी, उपस्थितीत वैद्यकीय सूट मिळावी, असे अर्ज करता येतात. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, हे खिडकीआडून सांगतो.

तिसरा रस्ता म्हणजे तब्येतीमुळे वर्षभर थांबणं. घेतलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा राहतात, त्यांची मुदत सात वर्षांची असते. त्यामुळे थांबलात म्हणून आधीची मेहनत वाया जात नाही. पण थांबताना कॉलेजला लेखी कळवा, वैद्यकीय कागद जोडा आणि परत आल्यावर महाडीबीटीवर 'गॅप' विचारतात तिथं खरं ते भरा. गॅप लपवला की छाननीत गुणपत्रकाची वर्षं जुळत नाहीत.

आणि चौथा रस्ता, जो रस्ता नाहीच, तो म्हणजे गुपचूप पेपर सोडणं. केंद्राच्या शिष्यवृत्तीत एका वर्गासाठी पैसे एकदाच मिळतात, तोच वर्ग पुन्हा केला तर त्या वर्षी मिळत नाहीत. 'सक्षम'मध्येही पुढच्या वर्गात गेला नाही तर पुढची रक्कम थांबते. एक दिवस सोडलेल्या पेपरची किंमत वर्षभराची फी होऊ शकते.

अमेरिकेत याचा हिशेब वेगळा आहे. तिथल्या नागरिकांना मिळणारी पेल ग्रँट ही सरकारी मदत २०२४-२५ पासून घेतलेल्या क्रेडिटच्या प्रमाणात कमी-जास्त होते. क्रेडिट निम्मे तर मदत साधारण निम्मी. आपल्याकडे असं प्रमाण नाही. मिळाली तर पूर्ण, तुटली तर पूर्ण तुटते. आपल्यातलं कुणी पदवीला तिकडे विद्यार्थी व्हिसावर जात असेल तर त्यानं तिथलाही क्रम सांभाळावा: पूर्ण भार साधारण १२ क्रेडिटचा, आजारपणामुळे कमी करायचा तर डॉक्टरांचं पत्र देऊन कॉलेजच्या अधिकाऱ्याची परवानगी विषय सोडण्याच्या आधी घ्यावी लागते, आणि एका पदवीच्या टप्प्यावर अशी सवलत एकूण १२ महिनेच.

अर्ज कसा लिहायचा

विषय कमी घ्यायचा हा अर्ज एकाच पानाचा असावा. मी ज्या नमुन्यानं मुलांना लिहायला लावायचो, तो असा:

"मा. प्राचार्य यांस. मी प्रथम वर्ष बी.ए.ची विद्यार्थिनी असून माझे दिव्यांगत्व प्रमाणपत्र व युडीआयडी सोबत जोडले आहे. आजारामुळे मला महिन्यातून किमान दोन दिवस रुग्णालयात जावे लागते व सलग चार तासांपेक्षा अधिक वेळ बसणे शक्य होत नाही. तरी पुढील सत्रापासून २२ ऐवजी १६ ते १७ क्रेडिट घेऊन पदवी विस्तारित कालावधीत पूर्ण करण्यास परवानगी मिळावी. तसेच माझा प्रवेश नियमित धरला जाईल व शिष्यवृत्तीसाठी तसे बोनाफाईड दिले जाईल, याबाबत लेखी कळवावे, ही विनंती."

शेवटचं वाक्य वगळू नका, सगळी मदार त्यावर आहे. 'नियमित प्रवेश' असं लिहिलेलं बोनाफाईड हातात असेल, तर पुढे समाज कल्याणच्या छाननीत "हा कुठल्या वर्षाला?" असा प्रश्न आला की दाखवायला काहीतरी असतं.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का मारायला कुणी टाळाटाळ केली तर भांडू नका, स्पीड पोस्टानं पाठवा. डॉक्टरांच्या पत्रात रोगाचं लॅटिन नाव एका ओळीत पुरे, पण 'काय जमत नाही' हे स्पष्ट हवं: किती वेळ बसता येतं, महिन्यातून किती दिवस उपचार, लिहिताना काय होतं. समिती डॉक्टरांची नसते, मास्तरांची असते. त्यांना दिवस आणि तास कळतात.

परीक्षा

लेखनिक लागत असेल तर अर्ज परीक्षा फॉर्मबरोबरच द्या, हॉल तिकीट आल्यावर नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. टक्केवारी ४० च्या खाली आहे पण लिहायला त्रास होतो, अशांनाही लेखनिक मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात तसा निकाल दिला आणि त्यानंतर २०२२ मध्ये त्यासाठी वेगळ्या सूचना निघाल्या. जादा वेळेनं एखादा पेपर कमी करायची गरजच पडत नाही, असंही होतं. म्हणून विषय कमी करायच्या आधी हे करून बघा.

फॉर्म भरताना

सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडून येऊ नका. तो दिवसाला पन्नास फॉर्म भरतो, स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो आणि नोव्हेंबरात ओटीपी त्याच्याकडे जातो. नंबर तुमचा, ई-मेल तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत.

महाडीबीटीवर प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत लागतो. मोबाईलनं काढलेला फोटो थेट चढत नाही, छोटा करावा लागतो, पण इतकाही छोटा नको की टक्केवारीचा आकडाच वाचता येऊ नये. चढवल्यावर एकदा स्वतः उघडून बघा. 'दिव्यांगत्व आहे का' याला 'हो' म्हटल्याशिवाय दिव्यांगांच्या योजना यादीत दिसतच नाहीत, आणि मुलं मग म्हणतात, "सर, पोर्टलवर योजनाच नाही."

अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे सरकतो. 'सेंट बॅक', म्हणजे दुरुस्तीसाठी परत, आला तर त्याला मुदत असते, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायची सवय लावा. कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघणारे नोडल ऑफिसर कोण, हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. त्यांना वर्षात एकदा भेटण्यापेक्षा दोनदा नमस्कार केलेला बरा. अर्ज जिल्हा पातळीवर अडला तर विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात जा, जाताना अर्जाची छापील प्रत आणि आवक शिक्क्याची प्रत बरोबर घ्या.

वाढलेल्या सत्रांचे पैसे

पदवी लांबली की फी, खोलीभाडं, बसचं भाडं सगळंच लांबतं. वाढलेल्या दोन सत्रांचे पैसे शिष्यवृत्तीतून येतील असं गृहीत धरू नका, सुरुवातीपासून वेगळी सोय बघा.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद, सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत हा निधी मार्चच्या शेवटी घाईघाईनं वाटला जातो. ऑगस्टच्या ग्रामसभेत अर्ज द्या: लॅपटॉप, फी, श्रवणयंत्र, जे हवं ते नेमकं लिहून. गावात मागायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण हा निधी दिव्यांगांसाठीच बाजूला काढलेला असतो, कुणाच्या वाटचा नाही.

घरची परिस्थिती फारच बेताची असेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना १५०० वरून २५०० करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. एस.टी.ला ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. गडहिंग्लज-कोल्हापूर रोजची ये-जा असेल तर महिन्याचा हिशेब करून बघा, वसतिगृहापेक्षा परवडतं की नाही ते कळेल. अर्थात थकवा हाच आजार असेल तर हा हिशेब पैशात करू नका.

राहायचं म्हटलं तर कोल्हापूरला बोर्डिंगची जुनी सवय आहे. सीपीआरमधून बोर्डाचं काम आटपून दसरा चौकात आलात की आजूबाजूला त्या इमारती दिसतील. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली, पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला फीपेक्षा राहण्या-जेवण्याचाच खर्च शिकू देत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. दिव्यांगांसाठी मात्र अशा जुन्या वास्तूंतला जिना हाच पहिला अडसर ठरू शकतो. व्हीलचेअर असेल तर नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड या संस्थेकडे चौकशी करा. उचगावला त्यांचं दिव्यांगांसाठीचं वसतिगृह आहे.

पालक पगारदार असतील आणि आयकर जुन्या पद्धतीनं भरत असतील, तर दिव्यांग पाल्यासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाख. वाचलेला कर त्याच पोराच्या नावानं बाजूला ठेवा.

नाही म्हटलं तर

तोंडी 'नाही' हा नकार धरू नका. "कृपया कारण लेखी द्यावे," एवढंच म्हणा. पुष्कळ 'नाही' लिहायची वेळ आली की 'बघतो' होतात. तरीही नाहीच झालं तर कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे, मग विद्यापीठाकडे, आणि शेवटी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा आवक शिक्का जोडायचा. हे सगळं चालू असताना वर्गात जाणं आणि परीक्षा फॉर्म भरणं थांबवू नका. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तुमचा प्रवेश जिवंत राहिला पाहिजे.

तक्रार झेपणारी नसेल, किंवा रोज कॉलेजला जाणंच जमत नसेल, तर मुक्त विद्यापीठाचं कोल्हापुरात विभागीय केंद्र आहे, शिवाजी विद्यापीठाचाही दूरस्थ शिक्षणाचा विभाग आहे. काही जणांना ते मागे पडल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही, पण प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला तुमची शिष्यवृत्ती चालते का, हे नोडल ऑफिसरकडून लेखी घ्या.

पहिल्या सत्राचा निकाल लागला की आठवड्याभरात विस्तारित पदवीचा तो अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर गेला पाहिजे. जाताना दोन प्रती, आणि शिक्का.